संगीत नाटक लिहायचं आणि बसवायचंही आहे. दोन्ही एकाच माणसाला जमतं का? कोणाची कारकीर्द अभ्यासावी?

जमतं. गोविंद बल्लाळ देवलांपासून (1855–1916) सुरुवात करा.

देवल म्हटलं की लोकांना 'शारदा' आठवते, पण नाटकमंडळ्यांत त्यांचा दबदबा होता तो तालीम मास्तर, म्हणजे नाटक बसवून घेणारा, म्हणूनही. जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा. बेळगावात शिकत असताना संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून भेटले आणि नाटकाची वाट तिथेच लागली. पुढे बालगंधर्वांना अभिनयाचे धडे दिले ते देवलांनी.

मला त्यांच्या लेखनात तालीम ऐकू येते. 'शारदा'तलं (1899) 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान' हे पद घ्या. 'इतुका न' म्हणून नटानं जरा रेंगाळायचं आणि मग वय सांगायचं. हशाची जागा ओळीतच बांधून दिलेली आहे, दिग्दर्शकाला वेगळं काही सुचवावं लागत नाही. शब्दही शेवटच्या रांगेला पहिल्या फटक्यात कळणारे.

पण तुमच्या कामाचं खरं नाटक 'संशयकल्लोळ'. मूळ कथानक फ्रेंच नाटककार मोलिएरचं, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे आलेलं. देवलांनी ते 1893 मध्ये 'फाल्गुनराव' म्हणून गद्यात लिहिलं. पदं आली नंतर, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी. 1916 मध्ये संगीत रूपात ते रंगभूमीवर आलं तेव्हा देवल हयात नव्हते. म्हणजे गाण्यांशिवाय उभं राहणारं नाटक आधी तयार होतं. आपल्या हौशी संस्थांत बरेचदा उलटं चालतं: गाणारा हाताशी असतो, त्याच्यासाठी चार पदं ठरतात आणि मग मध्ये भरायला प्रवेश लिहिले जातात. असलं नाटक दुसऱ्या अंकात लंगडतंच.

'मानापमान' (1911) या नाटकापासून संगीतकार गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी संगीत नाटक मैफलीकडे झुकलं. ऐकायला बहार, पण बसवणाऱ्याची पंचाईत, कारण वन्समोअर सुरू झाले की बाकीची पात्रं नुसती ताटकळत उभी.

पोटापाण्याचं म्हणाल तर नोकरी सोडू नका.

आणि एक करा. 'संशयकल्लोळ'ची संहिता मिळवून पदं वगळून चार जणांत मोठ्यानं वाचा, मग पदांसकट. कोणतं पद प्रसंगाला पुढे ढकलतं आणि कुठे फाल्गुनरावाला, म्हणजे नाटकातल्या संशयी नवऱ्याला, नुसतं थांबावं लागतं, हे समासात टिपून ठेवा.