‘मन मोकळं ठेवा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

तुम्ही विचारलंय की गुप्तचर संस्थांकडे एवढी माहिती असून त्या चुकतात कशा, आणि ‘मन मोकळं ठेवा’ यापलीकडे पूर्वग्रहावर काही उपाय आहे का. मी गुप्तचर खात्यात नाही, गेली अकरा वर्षं बँकेत संशयास्पद व्यवहारांचे अलर्ट तपासतो, पण या विषयाचं वाचन त्या कामामुळेच लागलं कारण दोन्हीकडे चूक एकाच जागी होते.

१९७३ चं इस्रायल बघा. ६ ऑक्टोबरला, योम किप्पुर या ज्यूंच्या सगळ्यात पवित्र सणाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास इजिप्त आणि सीरियाने एकदम हल्ला केला. माहिती कमी होती असं अजिबात नाही. सुएझ कालव्यापलीकडे सैन्य जमलेलं दिसत होतं (इजिप्त त्याला सराव म्हणत होता), जॉर्डनचे राजे हुसेन २५ सप्टेंबरला स्वतः येऊन इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयरना सावध करून गेले होते, आणि शेवटच्या दोन दिवसांत तर सोव्हिएत युनियनने आपल्या लोकांची बायकापोरं घाईघाईने विमानाने इजिप्त-सीरियातून बाहेर काढली. तरी ५ ऑक्टोबरला लष्करी गुप्तचर खात्याच्या, म्हणजे अमानच्या अहवालात पानंच्या पानं धोक्याच्या खुणा लिहून शेवटी निष्कर्ष काय, तर इजिप्त युद्ध सुरू करण्याची शक्यता कमी.

कारण डोक्यात एक गृहीतक पक्कं बसलं होतं. लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया लढणार नाही. लोक इथे ‘किती मूर्ख होते’ म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. हे गृहीतक कैरोतून आलेल्या चांगल्या माहितीवर उभं होतं आणि एके काळी ते बरोबरही होतं, फक्त १९७२ च्या अखेरीला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादातनी विमानांची वाट न बघता मर्यादित युद्ध करायचं ठरवलं आणि इकडे गृहीतक तसंच राहिलं. त्यात १९७३ च्या मे महिन्यात युद्धाची हूल उठली तेव्हा अमानचे प्रमुख एली झैरा म्हणाले होते काही होणार नाही, आणि खरंच काही झालं नाही. माझ्या मते सगळ्यात घात केला तो या मे महिन्याने. एकदा आपलं म्हणणं खरं ठरलं की पुढच्या वेळी ते तपासायची गरजच वाटत नाही.

आता उपाय. सीआयएतल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी मांडलेली पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते. जेवढी स्पष्टीकरणं शक्य आहेत ती सगळी आधी शेजारीशेजारी मांडायची, मग एकेक खूण घेऊन विचारायचं की ही कुठल्या स्पष्टीकरणात बसत नाही. कालव्यावरचं सैन्य सरावातही दिसेल आणि युद्धातही, म्हणजे दोघांतला फरक करायला ती खूण कुचकामी, अशा शंभर खुणा गोळा केल्या तरी वजन शून्य. पण सरावासाठी कोणी स्वतःची बायकापोरं देशाबाहेर काढत नाही! ती एक खूण बाकीच्या सगळ्यांपेक्षा भारी होती.

माझ्याकडचं सांगतो. एका किराणा दुकानाच्या चालू खात्यावर दिवाळीच्या तोंडावर अलर्ट आला, जमा एकदम वाढली होती. मी ‘सणाचा सीझन’ लिहून बंद केला, दुसरा आला तोही तसाच, आधीच्या वर्षी हेच कारण खरं निघालं होतं ना. तिसऱ्या वेळी सहकारी मॅडमनी जमेकडे न बघता नावेकडे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पैशांकडे बघितलं, तर आलेला पैसा रात्री दोन-अडीचला तासाभरात तीन नव्या खात्यांत जात होता. जमा वाढणं दिवाळीतही बसतं आणि भाड्याने दिलेल्या खात्यातही, म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवायला दुसऱ्याला वापरू दिलेल्या खात्यातही बसतं, पण मालाचे पैसे रात्री अडीचला अनोळखी खात्यांत कोण देतं? खातं भाड्यानेच दिलेलं निघालं, आणि दोन अलर्टच्या मधे ज्यांचे पैसे गेले ते माझ्यामुळे गेले हे मी विसरू शकत नाही.

मुद्दाम एकाला विरोधी बाजू मांडायला बसवणं, हेही करतात. युद्धानंतर अमानमध्ये त्यासाठी वेगळा विभागच मजबूत केला. वाईट नाही, पण ‘त्याचं कामच आहे उलटं बोलायचं’ म्हणून हळूहळू कोणी मनावर घेत नाही. त्यापेक्षा ज्याला खरोखर वेगळं वाटतंय त्याचा कागद वर पोचतोय का ते बघा. १ आणि ३ ऑक्टोबरला इस्रायली लष्कराच्या दक्षिण कमांडमधल्या बिन्यामिन सिमान-तोव या तरुण लेफ्टनंटने लिहून दिलं होतं की हा सराव म्हणजे युद्धावरचं पांघरूण असू शकतं. वरिष्ठांनी ते अहवालात घेतलंच नाही.

आमच्याकडे आता अलर्ट बंद करताना मी शेऱ्यात एक ओळ जास्त लिहितो, काय दिसलं तर हा पुन्हा उघडायचा. आणि पुढचा अलर्ट आला तर तो मी स्वतः बघत नाही, शेजारच्या टेबलावर देतो, माझा शेरा न दाखवता.