पणत्यांचा रंग आणि दर

प्रश्न : हौसेने रंगवलेल्या पणत्या यंदा दिवाळीत विकायच्या आहेत. पण तेल घातलं की रंगाचे पोपडे निघतात. शिवाय दर किती लावावा?

उत्तर : रंगाला दोष देऊ नका. भाजलेली माती सच्छिद्र असते. तेल झिरपून रंगाच्या मागे पोचतं आणि रंग सुटतो. पणत्या 4-5 तास पाण्यात बुडवा, ब्रशने घासा, 2 दिवस कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर रंगाला फोड येतात. मग आतून प्राइमरचे (छिद्रं बुजवणाऱ्या अस्तराचे) 2 पातळ हात, बाहेरून अॅक्रिलिक रंग, वर वार्निश. वातीची चोच मात्र कोरीच ठेवा, तिथला रंग जळतो. एका पणतीत तेल भरून रात्रभर कागदावर ठेवून पाहा. डाग उमटला तर आतून आणखी एक हात द्या.

दर ठरवताना बहुतेक जणी स्वतःची मजुरी विसरतात, तिथेच धंदा बुडतो. समजा पणती 4 रुपये, रंग-वार्निश 4, डबी 5. तासाला 75 रुपये धरले तर 12 मिनिटांचे 15. फुटतूट 3. झाले 31. दुकानदाराने 30 टक्के कमिशन घेतलं तर 45 रुपयांना विकूनही हातात 31.50 येतात, म्हणजे नफा जवळपास शून्य. दुकानात ठेवायच्या तर 55 लावा.