आतल्या खोलीतला टीव्ही राहू द्या, आधी ते ‘मिनिमम ड्यू’ बघू

ताई, तुमचा प्रश्न एकच आहे: हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र वायरलेस एचडीएमआय किट लावून सासऱ्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर न्यायचं का, कारण किट ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मिळतंय आणि दुसऱ्या कनेक्शनचं भाडं वाचून दीड वर्षात पैसे वसूल होतात. पण जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत की क्रेडिट कार्डावर दोन पगारांइतकं देणं आहे, दर महिन्याला 3 टक्के व्याज लागतं, पण ‘मिनिमम ड्यू (म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) न चुकता भरतो त्यामुळे टेन्शन नाही’. मला टेन्शन तिथेच आलं.

किटचं आधी उरकतो. 60 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारी किट भिंत आली की संपली, ती एकाच खोलीत वापरायची. 5 गिगाहर्ट्झवाली भिंतीपलीकडे जातात, पण किटच्या खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या जागेतलं असतं, मध्ये काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी कपाट आलं की चित्र अडकायला लागतं. आणि मुख्य म्हणजे सेट-टॉप बॉक्स एकच, तर चॅनेलही एकच! हॉलमध्ये मॅच चालू असेल तर सासऱ्यांनाही मॅचच. रिमोटचा सिग्नल उलट हॉलमध्ये पोचवायची सोय किटमध्ये नसेल तर चॅनेल बदलायला कुणीतरी उठायचं, आणि सासऱ्यांना गुडघ्यामुळे उठवत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. मग दीड वर्षात वसूल कसलं, दुसऱ्या कनेक्शनचं काम हे किट करतच नाही.

आता कार्ड. देणं 100 धरा. पहिल्या महिन्यात तुम्ही मिनिमम म्हणून 5 भरता, त्यातले 3 व्याजात जातात, उतरतात फक्त 2. असं वर्षभर केलंत, नवी खरेदी एका पैशाची केली नाहीत, तरी 50 च्या वर भरून देणं येतं 78 च्या आसपास. मिनिमम भरल्याने लेट फी वाचते, एवढंच. व्याज थांबत नाही, आणि मागची बाकी राहिली की पुढच्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे किराणासुद्धा घेतल्या दिवसापासून व्याजावर. स्टेटमेंटवर मिनिममचा आकडा ठळक छापतात ना, तो तुमच्या सोयीसाठी नाही.

आणि दुसरीकडे एफडी ठेवलीय, देण्याच्या तिप्पट, 7 टक्क्यांनी, ‘अडीअडचणीसाठी’. अहो, ही अडचणच आहे. 100 वर तिकडे वर्षाला 7 मिळतात, त्यातही टॅक्स, आणि इकडे त्याच 100 वर सरळ हिशेबाने 36 जातात, न भरता राहिलं तर चक्रवाढीने 42 च्या वर. एसआयपीवर, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला टाकता त्या पैशांवर, एजंटने 15 टक्के ‘नक्की’ सांगितलेत म्हणता. नक्की काही नसतं, पण धरले खरे तरी 36 पुढे 15 काय करणार?

तर एफडीचा एक तृतीयांश भाग मोडा, थोडं व्याज कापतील, कापू द्या, आणि स्टेटमेंटवरची नाही तर फोन करून आजच्या तारखेची पूर्ण रक्कम विचारून भरा. दोन तृतीयांश शिल्लक राहतेच. जे 5 दर महिन्याला मिनिममला जात होते ते आता एफडीत टाका, वीसेक महिन्यांत होती तेवढी होते. एसआयपीला हात लावू नका. कार्ड मोडायची गरज नाही, पण पूर्ण बिल ऑटो-डेबिटला लावा, नाहीतर सहा महिन्यांनी हेच पत्र परत येईल. आणि तो फोनवरून गळ्यात मारलेला, कार्डाच्या देण्यावरचा ‘थकबाकी विमा’ बंद करा, देणंच नसेल तर विमा कशाचा?

टीव्हीसाठी सासऱ्यांचा सेट स्मार्ट आहे का बघा, आहे त्याच कनेक्शनचं ॲप चालत असेल तर खर्च शून्य. नसेल तर दुसरं कनेक्शन घ्या, त्यांना हवं ते त्यांना बघू द्या. किट मागवून झालं असेल तर सील फोडू नका, परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आजच बघा. परत केल्यावर ईएमआय आपोआप रद्द होईल असं धरू नका, कार्डवाल्यांकडून तसं लेखी घ्या.