विदर्भाच्या खेड्यात घरामध्ये रंगीत पानांची झाडे टिकतात का?

आपला प्रश्न असा आहे की यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तिथे क्रोटन, कॅलॅडियम, अग्लोनिमा, कॅलॅथिया यांसारखी झाडे घरात टिकतात का, आणि रोपवाटिकेतून आणल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा रंग का उतरतो. टिकतात, माझ्या ओसरीत आणि बैठकीत ती आहेत. मात्र प्रश्नाच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की कुंड्या ‘शेतातली चांगली काळी माती’ भरून तयार ठेवल्या आहेत, आणि ते वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. त्या कुंड्या आधी रिकाम्या करा.

आमची शेती कोरडवाहू, कापूस-तुरीची, आणि माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्या मातीचे कट्टर अभिमानी आहेत. मी अग्लोनिमा आणि कॅलॅथियाची रोपे पहिल्यांदा आणली तेव्हा त्यांनी स्वतः वावरातून घमेल्यांनी माती आणून कुंड्या भरून दिल्या. त्यात रेती आणि शेणखत मिसळू द्या, असे मी म्हटले, तर त्यांचे उत्तर तयार होते, “ज्या मातीत पऱ्हाटी येते, त्या मातीत तुमची पानं काहून नाही येणार?” घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी सगळ्यांदेखत वाद घालण्याची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी गप्प बसले.

पावसाळ्यात ती माती फुगली आणि चिकट गोळा होऊन बसली. वरून सुकल्यासारखी दिसे, पण बोट खुपसले की आत नुसता चिखल लागे. कॅलॅथियाची खालची पाने पिवळी पडू लागली तेव्हा मी झाड उपटून पाहिले: मुळे तपकिरी झाली होती, आणि चिमटीत धरून ओढले की वरची साल सुटून हातात येई व आतला बारीक दोरा तेवढा मागे राहत असे. मुळे कुजली की ती अशीच दिसतात. अग्लोनिमा कशीबशी उन्हाळ्यापर्यंत पोहोचली, तर तीच माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली आणि मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट पडली. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत उतरे, त्यामुळे झाडाला भरपूर पाणी मिळाले असे घरच्यांना वाटे, आणि आतला गोळा मात्र विटेसारखा कोरडा ठणठणीत राही. भासऱ्यांनी दोष आधी पाण्याला दिला, मग सावलीला, मग माझ्या हाताला. मातीला दिला नाही.

शेतात हीच माती उत्तम असते याचे कारण असे की तिथे भेगा पडून ती आपोआप खालीवर होते आणि कपाशीच्या मुळांना खोल जायला वाव मिळतो. वीतभर कुंडीत यातले काहीच होत नाही. शिवाय आपल्या भागातल्या बऱ्याच काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) 8 च्या आसपास जातो आणि झाडाला लोह घेता येत नाही. मग नवे पान शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे निघते. तेव्हा दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड रेती घ्यावी. भंडारा-गोंदियाकडे रेतीऐवजी धानाचे जळके तूसही चालते. पुढची रोपे मी याच मिश्रणात, कोणाला न सांगता लावली. आज बैठकीतल्या लाल अग्लोनिमाकडे बोट दाखवून भासरे पाहुण्यांना सांगतात की ही आमच्या वावराच्या मातीची किमया आहे.

रंगाबद्दल थोडक्यात सांगते. घरात रंग उतरण्याचे कारण बहुधा अपुरा उजेड हेच असते. उजेड कमी पडला की झाड हरितद्रव्य वाढवते आणि नवी पाने हिरवी येऊ लागतात. क्रोटन आणि कोलियस पूर्वेच्या खिडकीतच ठेवावेत; अग्लोनिमा आणि कॅलॅथिया थोडी आत चालतात. एप्रिल-मे मध्ये पश्चिमेची खिडकी कोणालाच देऊ नये. क्रोटन जागा बदलल्यावर पाने गाळतो, म्हणून घाबरून त्याला पुन्हा पुन्हा हलवू नये.

उन्हाळ्यात झाडे कूलरच्या खोलीत, पण थेट झोत लागणार नाही अशा जागी, एकमेकांजवळ ठेवावीत, कारण त्यांना गरमीइतकाच हवेचा कोरडेपणा मारतो. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र कुंडीत ओतू नका. पाणी उडून गेल्याने त्यात क्षार साचलेले असतात. बोअरचे जड पाणीही वाईटच, आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्याने कॅलॅथिया आणि ड्रेसिनाच्या पानांची टोके जळतात. पावसाचे पाणी साठवता आले तर ते याच झाडांसाठी राखावे. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड येते, ती कपाशीवाल्यांना ओळखीची आहे. ओल्या फडक्याने पान खालून पुसावे आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा.

नवशिक्याने अग्लोनिमापासून सुरुवात करावी. कॅलॅथिया आमच्याकडची हवा फार सोसत नाही, हे स्पष्टच सांगते. कॅलॅडियमची पाने हिवाळ्यात पूर्ण झडतात, म्हणून ते मेले असे समजून फेकू नये. पाणी बंद करून कंद कुंडीतच कोरडा राहू द्यावा, उन्हाळ्याच्या तोंडी तो पुन्हा फुटतो.

काळ्या मातीबद्दल मी जे लिहिले ते कुंडीपुरतेच आहे. अंगणात, पाणी न साचणाऱ्या जागी खड्ड्यात शेणखत घालून लावलेला क्रोटन त्याच मातीत चांगला वाढतो, भासऱ्यांना हवे तर त्यांनी तिथे लावावा. आणि लहान मुले किंवा बकऱ्या घरात शिरत असतील तर कुंड्या उंचावर ठेवा, कारण अग्लोनिमा आणि कॅलॅडियमचे पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते, आणि क्रोटनचा चीक कातडीला लागून खाज सुटते.