तुमचे प्रश्न: सासू-सासऱ्यांना थंडीत ओमेगा पार्कला न्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मिसिसागाला राहतो. सासू-सासरे कोल्हापूरहून पहिल्यांदाच कॅनडात आलेत आणि जानेवारीत घरात बसून बसून पार कंटाळलेत. क्यूबेकमध्ये ते ओमेगा पार्क आहे ना, आपल्याच गाडीत बसून प्राण्यांना गाजरं भरवायची, तिथे न्यायचं मनात आहे. पण नवरा म्हणतो उणे वीसमध्ये खिडक्या उघडून कोण बसणार, उन्हाळ्यात बघू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा चार वर्षांचा आहे. काय करू?

उत्तर: जा गं, नक्की जा. उन्हाळ्यापर्यंत ते परत गेलेले असतील, आणि मला विचारशील तर या जागेची खरी मजा बर्फातच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला थंडीत कॅनडा दाखवायचा तर याहून सोयीचं काही मला तरी सुचत नाही, कारण साधारण 12 किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो सगळा बसल्या जागेवरून बघायचा. फक्त पार्किंगमध्ये गाडीतून उतरून चालाल तेव्हा त्यांचा हात धरा, तिथे बर्फ दाबला जाऊन काचेसारखा गुळगुळीत होतो.

एका दिवसात जाऊन-येऊन मात्र करू नका. पार्क माँटेबेलोला आहे, ऑटवापासून तासाभरावर, पण तुमच्याकडून एका बाजूचाच रस्ता सहा तासांच्या आसपास होतो. रात्री ऑटवाला राहा आणि सकाळी लवकर निघा, कारण जानेवारीत पाचच्या सुमारास अंधारतं. टायर विंटरचेच हवेत. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्यानेच सक्तीचे आहेत, तुमची गाडी ऑन्टारिओची आहे म्हणून सूट घेऊ नका.

आता गाजरं. दोन-तीन मोठ्या पिशव्या घ्या, धुवून घ्या, आणि चिरू नका, लांब गाजर असलं की बोटं लांब राहतात. आत शिरलात की वापिटी येतात, म्हणजे आपल्या सांबरासारखेच पण त्याहून दांडगे हरणं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काच अर्धी खाली केली आणि एकाने सरळ अख्खं डोकं आत घातलं, मिशांवर बर्फाचे बारीक मणी, नाकातून वाफ, आणि तो वास, ओल्या गवताचा आणि गोठ्याचा, माझ्या आईच्या डोळ्यांत पाणीच आलं, म्हणाली आमच्या कपिलेचा वास आहे हा. नीट बघा, त्यांना वरच्या जबड्यात पुढे कापायचे दात नसतात, गाईसारखंच, त्यामुळे ते गाजर जिभेने आणि ओठांनी ओढून घेतात. लाळ दारावर सांडते आणि तिथेच गोठते, ती गाडी परत आल्यावर धुवा.

सासूबाईंना पोळी द्यायचा मोह होणार, मला माहितीये, आपल्याकडे गाईला घास दिल्याशिवाय चैन पडत नाही. पण तिथे फक्त गाजर, दुसरं काही नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगा. हे रवंथ करणारे प्राणी, थंडीत त्यांचं पोट वाळलेल्या चाऱ्याला आणि काटक्या-सालींना सरावलेलं असतं, त्यात अचानक पोळी, ब्रेड, बिस्किट असं पिठूळ गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि हरीण त्याने मरूही शकतं. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या करून न्याल त्या तुमच्यासाठीच, थर्मासमधल्या चहाबरोबर.

सासऱ्यांनी दाजीपूरचे गवे बघितले असतील तर बायसन दिसल्यावर ते म्हणतील हा तर आपला गवाच. गव्याला इंग्रजीत इंडियन बायसन म्हणतात खरं, पण हा प्राणी वेगळा, खांद्यावर डोंगराएवढं वशिंड आणि पुढे दाढी. बायसन असतील तिथे काचा पूर्ण बंद. पाठीवरचा बर्फ बघा, तो वितळत नाही, कारण केस इतके दाट की अंगातली ऊब बाहेर पडतच नाही. खाली चरायचं असलं की तो ते अवजड डोकं डावी-उजवीकडे फिरवून बर्फ बाजूला लोटतो, हे बघायला थांबाच. लांडग्यांची लोकरही आत्ताच सगळ्यात दाट असते. अस्वलं मात्र झोपलेली असतात, तेव्हा मुलाला अस्वल कबूल करू नका.

आणि मुलाचं एक महत्त्वाचं. कार सीटच्या पट्ट्यांखाली जाड जॅकेट नको, पट्टा वरून घट्ट वाटतो पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि मूल सैल राहतं. स्वेटर घालून पट्टा लावा आणि वरून ब्लँकेट द्या. मागच्या खिडक्यांचं बटण लॉक करून ठेवा, काच कधी उघडायची ते तुम्ही ठरवा. निघण्याआधी गाडी चांगली तापू द्या, काच रबराला चिकटली असेल तर बटण जोर लावून दाबत बसू नका. थांबून इंजिन चालू ठेवणार असाल तर मागच्या सायलेन्सरच्या नळीपुढे बर्फ साचलेला नाही ना ते बघून घ्या, विषारी वायू गाडीत शिरतो, यात अजिबात हयगय नको.

प्रश्न: आम्ही मॉन्ट्रियलला असतो. मुलगी सात वर्षांची, पार्कमध्ये जाऊन आलो तेव्हापासून रात्री विचारते की कॅरिबूला (म्हणजे इथल्या रेनडिअरला) थंडी वाजत असेल ना, आणि रडते. काय सांगू?

उत्तर: तिला खरं तेच सांगा, त्याने ती शांत होईल. कॅरिबूच्या अंगावरचा एकेक केस आतून पोकळ असतो, त्यात हवा अडकते, म्हणजे त्याने जन्मतःच दुलई पांघरलेली आहे. खूर रुंद असतात, बर्फात रुतत नाहीत. आणि तिला आवडेल अशी गोष्ट म्हणजे कॅरिबूत मादीलाही शिंगं असतात. मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीला गळतात, गाभण मादीची मात्र बहुतेक वसंतापर्यंत टिकतात, त्यामुळे बर्फ उकरून चारा मिळाला की तिला तो कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. पुढच्या वेळी जानेवारीत गेलात की मुलीला शिंगं असलेली आई शोधायला सांगा.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी घेऊन थंडीत गेलं तर चालेल का? ऑटवाहून जायचंय.

उत्तर: चालेल. रेंज थंडीत चांगलीच उतरते आणि खिडक्या उघड्या ठेवून हीटर लावला की अजून उतरते, म्हणून आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि सकाळी प्लग काढायच्या आधीच गाडी तापवून घ्या. आत हीटर कमी ठेवून सीट गरम करायचं बटण वापरा, त्याला वीज कमी लागते. परतीच्या वाटेवरचा चार्जर निघण्याआधीच बघून ठेवा.