वाचकांचे प्रश्न : निर्बंधांच्या उन्हाळ्यात सहल कोठे, सिनेमा कोणता?

मे २०२१ च्या या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. सलग दुसरी उन्हाळी सुटी घरात चालली आहे, तर मुलांना आणि वडीलधाऱ्यांना कोठे न्यावे आणि काय दाखवावे? कोरोनाच्या साथीमुळे राज्यात १४ एप्रिलपासून लागू झालेले कडक निर्बंध आता १५ मेपर्यंत वाढले आहेत, उद्याने, मैदाने आणि चित्रपटगृहे बंद आहेत, आणि खाटेसाठी व प्राणवायूसाठी लोकांची काय धावपळ चालली आहे ते आपण सारे पाहत आहोत. अशा दिवसांत सहलीचा किंवा सिनेमाचा विचार करणे गैर नाही ना, असे एकदोघांनी संकोचाने विचारले आहे. मला तो मुळीच गैर वाटत नाही, कारण घरात राहणे सुसह्य झाले तरच माणसे घरात राहतील. एवढेच सुचवावेसे वाटते की रोज काहीतरी लावून बसण्यापेक्षा थोडे निवडावे, ते आधी ठरवावे आणि घरातल्या सर्वांनी मिळून पाहावे.

प्रश्न : माझी नऊ आणि बारा वर्षांची नातवंडे घरात कंटाळली आहेत. एरवी सुटीत मी त्यांना पहाटे वेताळ टेकडीवर नेत असे. अगदी लवकर, कोणी नसताना नेले तर चालेल का? नाहीतर दुसरे काय करता येईल?
(एक आजी, कोथरूड, पुणे)

टेकडीवर सध्या नेऊ नका. मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा पुष्कळ कमी असतो हे खरे. पण ‘कोणी नसताना जाऊन येऊ’ असे म्हणून निघालेली सगळी मंडळी एकाच सुमारास पायथ्याशी भेटतात, आणि आज विनाकारण घराबाहेर पडण्यास मनाई आहे. त्याऐवजी गच्चीचा विचार करा. गच्ची सामाईक असेल तर शेजाऱ्यांशी बोलून वेळा वाटून घ्या.

१३ मे हा दिवस मात्र राखून ठेवा. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येईल आणि सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होईल. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रदेशात हे वर्षातून दोनदा घडते. परंतु आपल्याकडे दुसरी वेळ जुलैच्या अखेरीस येते आणि तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते, म्हणून खरी संधी मे महिन्यातलीच. गच्चीवरच्या सपाट फरशीवर एक सरळ, गोल डबा उभा करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि डबा तिरपा नाही ना, हे मुलांनाच तपासू द्या. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवायला सांगा. खुणा डब्याकडे सरकत जातात, बारा एकतीसच्या आसपास सावली डब्याच्या बुडाखाली शिरते आणि थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूने बाहेर पडू लागते. डोक्यावर टोपी, हाताशी पाणी आणि खुणांच्या मधल्या वेळात जिन्याच्या सावलीत बसणे, एवढी काळजी पुरे. इतर गावच्या वाचकांसाठी सांगतो : हा दिवस कोल्हापुरात ६ मेच्या, मुंबईत १५ मेच्या, नाशिकला २० मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो. मुंबईत ही वेळ पुण्यापेक्षा चार-पाच मिनिटांनी उशिरा येते आणि नागपुरात सुमारे वीस मिनिटांनी लवकर.

त्याच संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, पश्चिमेला ढग नसतील तर मुलांना पुन्हा गच्चीवर न्या. चंद्राची अगदी बारीक कोर दिसेल, तिच्या शेजारी बुध असेल आणि त्याहून खाली, क्षितिजाजवळ, ठळक शुक्र. बुध सूर्याजवळच घुटमळत असल्यामुळे तो ओळखीच्या खुणेशिवाय सापडणे कठीण जाते. त्या दिवशी चंद्रच ती खूण आहे. ही कोर दिसली की दुसऱ्या दिवशी रमजान ईद, आणि यंदा अक्षय्यतृतीयाही त्याच दिवशी, १४ मे रोजी आहे. पुढे रोज त्याच वेळी पाहत राहिलात तर चंद्र वर चढत १५-१६ तारखेला तांबूस मंगळाजवळ पोचलेला दिसेल. २६ मे रोजी, बुद्धपौर्णिमेला, या वर्षातली पृथ्वीला सर्वांत जवळची पौर्णिमा आहे. त्या दिवशीच्या खग्रास चंद्रग्रहणाची चर्चा कानावर येईल, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ संपलेले असेल, त्यामुळे मुलांना त्याचे आश्वासन देऊ नका.

सकाळी सातच्या आत बाल्कनीत बसणे हीदेखील सहलच समजा. पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. मे महिन्यात तांबट दिवसभर एकसारखा टुक्-टुक् करत असतो. आवाज सर्वत्र, पक्षी मात्र दिसत नाही. वाळलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक आहे का ते शोधा. घरटे वापरात असेल तर हिरवट अंगाचा, लाल कपाळाचा हा चिमणीएवढा पक्षी तिथे ये-जा करताना नक्की दिसतो. कोथरूडच्या बाजूला वड-पिंपळांवर राखी धनेशही येतात. मुलांनी एका वहीत वेळ, झाड आणि पक्षी एवढेच लिहावे. नाव ओळखता आले नाही तर चित्र काढावे.

प्रश्न : माझी दहावीची परीक्षा रद्द झाली आहे. मला पुढे चित्रपट बनवायला शिकायचे आहे. आई म्हणते, दिवसभर मोबाइलवर सिनेमे पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. मी काय पाहू आणि काय करू?
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

आईचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाहिल्याशिवाय शिकता येत नाही, पण नुसते पाहून शिकता येत नाही. तू ज्या गावात राहतेस तिथूनच सुरुवात कर. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकलाच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे त्यांचे स्मारक आज बंद असले, तरी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) घरी पाहता येईल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडला, त्याची ही गोष्ट आहे. स्वयंपाकघरापासून सगळे घर त्या उद्योगात कसे ओढले गेले, सरस्वतीबाईंनी त्यातली केवढी कामे शिकून घेतली आणि तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला कसे उभे केले, हे नीट पाहा.

मोठा चित्रपट करण्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या बीला अंकुर फुटून रोप वाढताना एकेक चित्र टिपले आणि ती चित्रे सलग दाखवून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवली. हा प्रयोग तू याच आठवड्यात कर. ओल्या कापसावर भिजवलेली मटकी पसर. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून असा पक्का बसव की तो केसभरही हलणार नाही. खिडकीतला उजेड बदलत राहतो आणि चित्र फडफडते, म्हणून पडदा ओढून एकच दिवा सतत लावून ठेव. दर अर्ध्या तासाने एक याप्रमाणे अडीच दिवसांत १२० छायाचित्रे होतात. सेकंदाला १२ या गतीने ती जोडली की दहा सेकंदांचा चित्रपट तयार. रात्री आपोआप छायाचित्रे टिपणारे ॲप वापर. या दहा सेकंदांत उजेड, कॅमेऱ्याची जागा आणि काळ यांविषयी जे कळेल, ते वीस सिनेमे पाहून कळणार नाही. पहिल्या खेपेला मोबाइलला धक्का लागेल किंवा कापूस सुकेल. तसे झाले तर पुन्हा मटकी भिजव.

त्यानंतर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ दोनदा पाहा. आईच्या बदलीमुळे कोकणातल्या अनोळखी गावात आलेल्या मुलाची ती गोष्ट आहे, आणि दिग्दर्शक स्वतः छायाचित्रकार असल्यामुळे तुला तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, एका प्रसंगात कॅमेरा कोठे ठेवला आहे आणि तो तिथेच का ठेवला असेल, हे वहीत लिही. आईबरोबर मात्र ‘एलिझाबेथ एकादशी’ लाव. पंढरपुरात, कार्तिकीच्या गर्दीत, आपली सायकल वाचवण्यासाठी बांगड्यांचे दुकान मांडणारी ती मुले त्यांनाही आवडतील, आणि सिनेमा हा तुमच्या दोघींच्या बोलण्याचा विषय होईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी आवारात पडदा लावून, अंतर ठेवून, सर्वांसाठी मराठी चित्रपट दाखवावा असा प्रस्ताव आहे. उघड्यावरच असल्यामुळे हरकत नसावी, असे काहींचे मत आहे.
(सोसायटीचे एक सचिव, ठाणे)

हरकत आहे. जमावबंदी लागू असताना आवारातला खेळ हा जमावच ठरतो. शिवाय, सोसायटीत पाचांहून अधिक बाधित निघाले तर सगळी इमारत सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र होते आणि त्याचा त्रास ज्यांनी चित्रपट पाहिलाही नाही त्यांना होतो. खुर्च्या लांब मांडल्या तरी मध्यंतरापर्यंत त्या जवळ येतात, मुले एकत्र पळू लागतात आणि अंधारात मास्क हनुवटीवर उतरतात.

प्रस्तावामागची इच्छा मात्र जपण्यासारखी आहे. सूचनाफलकावर एक चित्रपट आणि एक वेळ जाहीर करा, आणि सर्व घरांनी तो आपापल्या घरी त्याच वेळी लावावा. ‘अशी ही बनवाबनवी’सारखा, निम्म्या लोकांना संवाद पाठ असलेला चित्रपट निवडलात तर हसण्याचे आवाज एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पोचतील. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही अशी वृद्ध मंडळी कोणत्या मजल्यावर आहेत, हे आधी विचारून त्यांची सोय लावणे हे सचिव या नात्याने आपले काम आहे.

प्रश्न : कोरोनातून बरा होऊन घरी आलो आहे, पण थकवा फार आहे. मुले सतत विनोदी चित्रपट लावून देतात, ‘हसा म्हणजे बरे वाटेल’ म्हणतात. माझे मन लागत नाही. मला गाण्याची आवड आहे. मी काय पाहावे?
(एक वाचक, मिरज)

मन लागत नसेल तर काही दिवस काहीच पाहू नका. आजारातून उठलेल्या माणसाने आनंदी दिसावे, ही घरच्यांची अपेक्षा प्रेमापोटीच असते. पण तिचेही ओझे होते आणि ते मुलांना स्पष्ट सांगायला हरकत नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे तेवढेच घरात चाला, संध्याकाळी गॅलरीत बसा आणि ध्वनिमुद्रित गाणे ऐका. पडद्यापेक्षा ते डोळ्यांना आणि डोक्याला सोपे जाते.

गाण्याची आवड आहे म्हणून कोणीतरी आपल्याला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ सुचवेल. हा मराठी चित्रपट गेल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवून आला आणि ३० एप्रिलपासून नेटफ्लिक्सवर आहे. हिंदुस्थानी संगीताची साधना करणाऱ्या तरुणाची ही कथा असून नायकाची भूमिका आदित्य मोडक या गायकानेच केली आहे. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून तो मोटरसायकलने संथपणे जात असतो आणि कानात माईंचे, म्हणजे गुरूच्या गुरूंचे, कठोर बोल चालू असतात. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. त्या १९ एप्रिलला पुण्यात गेल्या आणि अवघ्या अकरा दिवसांनी त्यांचा हा आवाज घरोघरी पोचला. चित्रपट फार मोलाचा आहे, पण जन्मभर कष्ट करूनही कला प्रसन्न झाली नाही तर काय, हा त्याचा प्रश्न आहे. तो अंगात त्राण आल्यावर पाहावा.

त्याआधी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, सुवर्णकमळ मिळालेला ‘कासव’ पाहा. खोल नैराश्यात सापडलेल्या एका तरुणाला जानकी नावाची स्त्री आपल्या कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी आणते, आणि त्याला कोणी खोदून काही विचारत नाही. त्याच किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचे काम शांतपणे चाललेले असते. हस, बाहेर पड, विसरून जा, असे त्याला कोणी सांगत नाही, आणि म्हणून तो मुलांबरोबर पाहा असे मी आग्रहाने सुचवतो. सुरुवातीचा भाग अंगावर येणारा आहे, तेव्हा एकट्याने पाहू नये, आणि एका बैठकीत संपवण्याचाही अट्टहास नको. उदासी आठवड्यांमागून आठवडे उतरली नाही, तर तीही आपल्या डॉक्टरांना सांगा. तोही या आजाराचाच भाग असू शकतो.

प्रश्न : आम्ही मुंबईत अडकलो आहोत. सिंधुदुर्गात आमचे घर आहे, मोकळे अंगण आहे. गाडी करून जावे का?
(एक कुटुंब, परळ)

आत्ता नको. २२ एप्रिलपासून जिल्ह्याबाहेरच्या खाजगी प्रवासाला वैद्यकीय निकड, अंत्यविधी अशा कारणांशिवाय परवानगी नाही. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, गावच्या घरात राहणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात आणि तिथले मोठे रुग्णालय तासादोन तासांच्या अंतरावर असते, याचा विचार आपण करावा. हापूसच्या पेट्या मुंबईत येत आहेत. त्या थेट ओळखीच्या बागायतदाराकडून मागवा, म्हणजे त्याचाही हंगाम वाया जाणार नाही. मुलांना गाव दाखवायचेच असेल तर आजोबांना व्हिडिओ कॉल करून आंब्याची अढी कशी लावतात, कोणता आंबा आधी पिकतो आणि तो हाताला कसा कळतो, हे समजावून सांगायला सांगा. निर्बंध उठल्यावर निघायचे झाले, तर आधी ग्रामपंचायतीकडे चौकशी करा आणि घरातल्या ज्यांना लस मिळू शकते त्यांची ती घेऊन झालेली असू द्या.