आधी गेटवर उभी राहा

कॅम्पसवरच्या गाड्या कमी करायच्या म्हणतेस, फार बरं वाटलं. पण पोस्टरपासून सुरुवात करू नकोस. आठवडाभर सकाळी साडेनऊ ते साडेदहा वही घेऊन गेटवर उभी राहा. दुचाकीवर एकटं कोण, डबलसीट कोण, पायी कोण, रेघा मारून मोज. वॉचमनकाकांशी बोल, त्यांना सगळं ठाऊक असतं.

पुण्यात आम्ही जुन्या सायकली गोळा करून स्टँड भरला होता. दोन महिन्यांत निम्म्या पंक्चर. हवा कोण भरणार हे ठरवलंच नव्हतं! म्हणून प्रत्येक कामाला नाव लाव. सिव्हिलवाल्यांना मोजणी दे, कॉमर्सवाल्यांना हिशेब, आणि पहिल्या वर्षाची मुलं घेच, ती अजून तीन वर्षं टिकतात.

प्राचार्यांकडे जाताना आकडे ने. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गेटवरच्या रेघा, रोजचं अंतर आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज यांवरून लिटर काढ, मग गुणाकार त्यांच्यासमोरच कर. बसची वेळ आणि प्रॅक्टिकल सुटायची वेळ जुळत नसेल, तर तेही त्याच कागदावर लिही. वेळापत्रक दहा मिनिटं सरकवायला पैसे लागत नाहीत. पहिली मागणी तीच ठेव.